पिलं उडून जातात तेव्हा

मागच्या जूनमध्ये मी लेकीला वसतिगृहात सोडून आले. घर अगदी सुनं झालं. त्या दिवसांत मी एक जपानी धून ऐकली. ती वाजवणाऱ्याची गोष्ट आज सांगते.

त्यांचं नाव गोरो यामागुची. वाद्य शाकुहाची, म्हणजे बांबूची बासरी. पण आपल्या मुरलीसारखी आडवी नाही, उभी धरायची. बांबूचा मुळाकडचा भाग घेतात. पुढे चार भोकं, मागे एक. सनईसारखी पत्ती नाही. वरच्या कडेवर फुंकायचं. मधले सूर काढायला भोक अर्धं झाकायचं, मान खालीवर करायची. नुसती मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षं जातात, असं जपानी लोक म्हणतात!

यामागुचींचा जन्म १९३३चा. वडील शिरो हेही मोठे वादक. त्यांच्याकडूनच विद्या मिळाली. पुढे गोरोंनी ती टोकियोच्या कला विद्यापीठात शिकवली, अमेरिकेत जाऊनही शिकवली. १९९२मध्ये जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. १९९९मध्ये ते गेले. पण तोवर परदेशी शिष्यही ही बासरी वाजवू लागले होते.

मी ऐकलेली धून क्रौंच पक्ष्यांच्या घरट्याची. पूर्वी भिक्षू शाकुहाची वाजवत, त्यांच्या परंपरेतली. नर-मादी घरटं बांधतात, पिलं वाढवतात आणि एक दिवस पिलं उडून जातात. शब्द एकही नाही, तरी सगळं कळतं.

१९७७मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात पाठवली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात जगभरचं संगीत आहे. यामागुचींची ही धून त्यात आहे आणि आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. ती यानं परत यायची नाहीत. पिलांच्या निरोपाची धून अशी कायमची घराबाहेर पडली.

वडिलांनी मुलाला दिलं, मुलाने जगाला. जपून वाढवायचं आणि वेळ आली की सोडायचं, हे त्या बासरीने मला शिकवलं. लेकीचा फोन आला की आता मी ‘कधी येतेस?’ आधी विचारत नाही. ‘आज काय शिकलीस?’ असं विचारते.