दिवा न विझवणारी हवा

मंडळी, विज्ञान शिक्षकांच्या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त मास्तराला दिलंत, आभार. मंडपात उकडतंय, जेवणाचा वास येतोय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या पांढरीत ज्वारीची पेवं होती. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या सालगड्यालाही ठाऊक होतं. दाण्यांच्या श्वासातून साचलेला तो कार्बन डायऑक्साइड. आज ज्या वायूबद्दल बोलणार आहे, तो हवेत असला तरी कंदील छान जळतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं ठसकाही लागत नाही. रेडॉन.

खडकातल्या युरेनियमपासून रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. या घराण्यातले बाकीचे सगळे घनरूप, ते जागीच राहतात. हा एकटा वायू, म्हणून भेगांतून निसटून घरात शिरतो. ३.८ दिवसांत निम्मा संपतो खरा, पण संपताना पोलोनियमचे कण मागे सोडतो. ते धुळीला चिकटून छातीत जातात आणि फुप्फुसाच्या पेशींवर आतून अल्फा कणांचा मारा करतात.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात एका अणुवीज केंद्राच्या दारावरचा किरणोत्सर्ग मोजणारा भोंगा एका अभियंत्याला पाहून वाजू लागला. गंमत अशी, की केंद्र अजून सुरूच व्हायचं होतं आणि भोंगा वाजायचा तो गडी कामावर येताना! शोध घेत माणसं त्याच्या घरी पोचली, तर तळघरातून आलेला रेडॉन घरभर कोंडलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरासाठी १०० बेक्वेरेलची पातळी सुचवली, म्हणजे एक घनमीटर हवेत सेकंदाला १०० अणू फुटणं. त्या घरात हा आकडा लाखाच्या घरात होता.

आता आपल्या हिंगोलीचं. घाबरवायला मी आलेलो नाही. आपण काळ्या पाषाणावर बसलोय आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम फार थोडं. ते जास्त असतं ग्रॅनाइटमध्ये, आणि तो खडक नांदेड ओलांडून देगलूरकडे गेलात की उघडा दिसतो. शिवाय आपली जुनी घरं वाऱ्याची. माळवदाला झरोका, दार दिवसभर सताड उघडं. रेडॉनला कोंडायला जागाच नव्हती.

ती जागा आता आपण करून देतोय. एसीसाठी खिडक्या चिकटपट्टीनं बंद, दुकानाखाली तळघर, बोअरच्या पाईपाभोवती फरशीत उघडी फट. बोअरच्या पाण्यातूनही थोडा रेडॉन येतो, पण घरातल्या हवेत त्याची भर नगण्य, आणि टाकीत चार दिवस राहिलेल्या पाण्यात तो निम्माच उरतो. शिळ्या पाण्याला नावं ठेवणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना हे अजून पटलेलं नाही.

इथे एक कान टोचायचा आहे. पांगरा शिंदे गावच्या जमिनीखालचे आवाज आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्केही बसले. तेव्हापासून ‘रेडॉन मोजला की भूकंप आधी कळतो’ असं मोबाईलवर फिरतंय. काही भूकंपांआधी रेडॉन वाढल्याच्या नोंदी आहेत, पण वाढून काहीच न झाल्याच्याही आहेत. अशा भाकितावर पोरांना शाळेबाहेर पळवू नका.

खरी काळजी विडीची. त्याच रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला सुमारे २५ पट. एसीच्या बंद खोलीत बसून विडी शिलगावणारा माणूस दोन्ही दारं स्वतःच उघडतो. आधी विडी, मग रेडॉन, हा क्रम डॉक्टर मंडळींनीही सोडू नये.

उपाय गवंड्याच्या हातातले आहेत. समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडा. फरशीच्या आणि पाईपांभोवतीच्या फटी बुजवा. नवं घर बांधत असाल तर जोत्यात मुरमावर गिट्टीचा थर, वर जाड प्लास्टिक, मग कोबा. आणि गिट्टीतून एक चार इंची पाईप छताच्या वर काढून ठेवा. पुढे आकडा जास्त निघाला तर त्या पाईपला पंखा बसवला की फरशीखालची हवा आभाळात जाते. बांधताना हे सोपं, नंतर फरशी फोडावी लागते.

आणि आकडा काढायचा कसा? औंढ्याजवळ लायगोची चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा होते आहे, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या गुरुत्वीय लहरींची थरथर टिपायला. आपल्याला लागते एक पेल्याएवढी डबी. आत एलआर-११५ नावाची लाल फिल्म. भिंतीपासून वीतभर दूर, छताला टांगून तीन महिने विसरून जायचं. अल्फा कण फिल्मवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पाडतो. मग ती गरम कॉस्टिक सोड्यात, ६० अंशांवर दीड तास ठेवली की त्या ओरखड्याचं भोक होतं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल आभाळात पांढऱ्या चांदण्या दिसतात. त्या मोजायच्या. आठवीची पोरंही मोजतील.

चार डब्या मी पिशवीत आणल्या आहेत. एक माळवदाच्या घरी, एक तळघरात, एक एसीच्या खोलीत जावी. चौथी कुठे टांगायची ते जेवताना ठरवू. सोडा मात्र तुम्हीच हाताळा, हातमोजे घालून; पोरांच्या हाती फक्त फिल्म द्या.