टाके निघाल्यानंतरचा गुडघा
(संस्थेच्या वार्षिक सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



विभागात झालेल्या शस्त्रक्रियांचा तक्ता अहवालात अन्यत्र दिलेला असल्याने तो मी वाचून दाखवीत नाही. मला बोलावयाचे आहे ते टाके निघाल्यानंतरच्या काळाविषयी. ज्या गुडघ्यावर देणगीदारांचा पैसा आणि शल्यविशारदाचे कौशल्य खर्ची पडते, तो पुढे कामाचा राहील की नाही हे त्या काळात ठरते.

गोडदेव हे मूळचे आगरी वस्तीचे गाव, आणि आपल्या भागात कबड्डीचे वेड जुने आहे. चढाई करणाऱ्याचा पाय पकडीत अडकतो, पाऊल जमिनीवर रोवलेले राहते आणि वरचे शरीर फिरते. त्या क्षणी गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटतो. काही तासांत गुडघा सुजतो, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसते आणि घरची मंडळी मालिशवाल्याच्या हातगुणाला श्रेय देऊन मोकळी होतात. परंतु अस्थिबंध क्ष-किरणांत दिसत नाही. तो तुटलेलाच राहिला तर वळताना गुडघा सटकतो, आणि प्रत्येक सटकण्यागणिक आतील कूर्चेच्या गादीला इजा होण्याचा धोका वाढतो. मुलगा खेळ सोडू शकतो. भाईंदर स्थानकाचा जिना त्याला सोडता येत नाही.

शस्त्रक्रियेने हा अस्थिबंध नव्याने बसविता येतो. बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील स्नायूची दोरी त्यासाठी घेतात. आता एक गोष्ट आप्तजनांनी नीट ध्यानी घ्यावी. बसविलेली ही दोरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधिक बळकट न होता उलट कमकुवत होते. शरीर तिच्यातील जुन्या पेशी मोडून नवी रक्तवाहिन्यांची वीण घालीत असते. नेमक्या त्याच सुमारास वेदना थांबलेल्या असतात, रुग्ण काठी टाकतो, आणि ‘आता बरा झालो’ म्हणून कोणी दुचाकीला लाथ मारतो, कोणी मैदानात उतरतो. खेळासाठी निदान नऊ महिने थांबावे, असे आम्ही सांगतो तेव्हा ते पुष्कळांना अतिसावधपणाचे वाटते. क्रिकेटपटू ऋषभ पंत यांचा अपघात ३० डिसेंबर २०२२ रोजी झाला. जानेवारी २०२३ मध्ये अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली आणि ते स्पर्धेत उतरले मार्च २०२४ मध्ये. त्यांची दुखापत अधिक गंभीर होती हे खरे. पण मदतीला तज्ज्ञ आणि सर्व साधने असूनही त्यांना चौदा महिने लागले.

घरी गेल्यावर गुडघा बिघडतो तो बहुधा मायेपोटी. आई गुडघ्याखाली उशी देते. पायाला बरे वाटते. पण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि माणूस कायमचा लंगडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा सरळ होईल. ताज्या सुजेवर गरम शेक व चोळणे नको. बर्फ कापडात गुंडाळून लावावा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. काठी चांगल्या बाजूच्या हातात. पोटरी अचानक सुजली वा दुखू लागली तर घरी न थांबता रुग्णालयात यावे, कारण ती शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते.

वयोवृद्धांच्या सांधेबदलाविषयी वेगळे फारसे सांगावयाचे नाही. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. खर्च मात्र आवाक्याबाहेर राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी १,५८,३२४ रुपयांवर असलेली किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आली.

सांधा स्वस्त झाला. व्यायामाला येण्याजाण्याचे रिक्षाभाडे झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात. ही योजना मोलाची आहे. पण खाट मोजता येते, खाट सोडल्यानंतरचे तीन महिने कोण मोजणार? उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, रोजंदारीवरचा कारागीर आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी येऊ शकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी जाते. मग गुडघा नव्वद अंशही वाकत नाही आणि स्टुलावर बसून करण्याचे त्याचे काम सुटते.

म्हणून विश्वस्त मंडळास विभागाची विनंती आहे की, शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतील काही भाग भौतिकोपचार व प्रवासखर्च यांसाठी वेगळ्या शीर्षाखाली ठेवावा. भौतिकोपचार कक्ष सायंकाळी, कामावरून परतणाऱ्यांच्या वेळेस उघडा राहावा. आणि घरी जाताना दिला जाणारा व्यायामाचा तक्ता मराठीबरोबर हिंदी व गुजरातीतही, मोठ्या अक्षरांत व चित्रांसह छापावा. तक्त्याचा मसुदा विभागाने तयार केला असून तो आज कार्यालयात पाहण्यासाठी ठेवला आहे.