पहाटेचा वर्ग

लवकरच वर्गावर जाणाऱ्या माझ्या बी.एड.च्या मित्रमैत्रिणींनो,

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना मी बरीच वर्षं नेथन हेलची गोष्ट फासापासून सुरू करायचो. वॉशिंग्टनचा हेर, वय 21. 22 सप्टेंबर 1776 रोजी न्यूयॉर्कमध्ये इंग्रजांनी त्याला खटला न चालवता फाशी दिलं. देशासाठी द्यायला आपल्याकडे एकच जीव आहे, अशी खंत त्याने मरताना बोलून दाखवली. एवढं सांगितलं की वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, तास रंगला.

मग त्याचं एक पत्र वाचनात आलं. 1774 च्या सप्टेंबरात त्याने काकांना लिहिलेलं. तेव्हा तो कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला शाळामास्तर होता. शाळेत 32 मुलगे, त्यातले निम्मे लॅटिन शिकणारे. शिवाय उन्हाळाभर पहाटे 5 ते 7 सुमारे 20 मुलींचा वेगळा वर्ग! मास्तर स्वतः 19 वर्षांचा. तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा लहान.

तेव्हापासून मी त्या पहाटेपासून सुरुवात करतो. दोन वर्षांनी तो कॅप्टन झालेला असतो आणि लाँग आयलंडवरच्या शत्रूची बातमी आणायला कुणीतरी हवं असतं. विल्यम हल हा मित्र त्याला अडवतो. हेरगिरी सैनिकाला शोभत नाही म्हणतो. हेलचं म्हणणं, देशाला ज्या कामाची गरज आहे त्यात कमीपणा कसला? तो निघाला तो मास्तराच्याच वेशात, येलचं पदवीपत्र जवळ घेऊन. हे सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो.

आता ते शेवटचं वाक्य. ते माँट्रेसॉर या ब्रिटिश अधिकाऱ्याने हलला सांगितलं, आणि हलच्या आठवणी छापल्या गेल्या त्या 1848 मध्ये. मॅकेन्झी नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रोजनिशीत वेगळंच आहे: हेल अत्यंत शांत होता, आणि सेनापतीचा हुकूम पाळणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे असं म्हणाला.

मुलांपुढे दोन्ही ठेवा. त्यामुळे त्यांचा हेलबद्दलचा आदर ओसरेल अशी भीती मलाही होती. पण पहिल्यांदा दोन्ही नोंदी फळ्यावर लिहिल्या, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मला इतकी वर्षं न सुचलेलं तिने विचारलं, "सर, त्याच्या धैर्याच्या या दोन्ही साक्षी शत्रूच्याच माणसांच्या आहेत ना?"