छोट्या तीनचाकीनंतर काय?



स्वागताध्यक्षानं सोयी-गैरसोयींबद्दल चार शब्द बोलून खाली बसावं, असा संकेत आहे. मी गैरसोयीबद्दलच बोलणार आहे. फक्त ती तुमच्या निवासाची नाही.

सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेलं मूल सात-आठ वर्षांचं झालं, की त्याची तीनचाकी बहुधा माळ्यावर जाते. पाय लांब झालेले असतात. तोल आणि समोरच्या गाडीचा अंदाज मात्र अजून आलेला नसतो. दुकानात त्याच्या मापाचं काही सापडत नाही. सरकारी योजनेतली तीनचाकी हातानं चालवायची. ज्याला चालता येत नाही, त्याला ती मोलाचीच. पण आमच्या मुलांपैकी अनेकांचे पाय चांगले दणकट आहेत! त्यांना हवी पाठीला टेका असलेली, पायडलवर पाऊल धरून ठेवणारा पट्टा असलेली, मागून सोबत्याला आवरता येईल अशी सायकल. कुणाला टँडम, म्हणजे आपली डबलसीट, पण दोघांनीही पायडल मारायची.

काहींना दोन चाकंही जमतात. मिशिगन विद्यापीठातल्या डेल उलरिक यांच्या चमूनं ८ ते १५ वयाच्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना मागच्या चाकाऐवजी रूळ बसवलेल्या सायकलींवर शिकवलं. जसजसा तोल येईल तसतसा अधिक निमुळता रूळ लावायचा. पाच दिवसांत निम्म्याहून अधिक मुलं दुचाकी चालवू लागली. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पाहिलं, तर शिकलेल्यांचं बसून राहणं कमी झालं होतं. मला आकड्याइतकंच हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० क्रीडासुविधा सर्वांना वापरता याव्यात, असं सांगतं. पण प्रत्यक्षात मोटारसायकली शिरू नयेत म्हणून सायकल ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांत आमची तीनचाकी अडकते. संमेलनाच्या या दोन दिवसांत रस्ते आखणाऱ्यांशी हेही बोलूया.

सभागृहामागच्या मैदानात सायकली ठेवल्या आहेत. पालकांनो, मुलांना बसवण्याआधी स्वतः एक फेरी मारा. वळताना वेग कमी ठेवा. तीनचाकी दुचाकीसारखी कलत नाही, उलटते. हेल्मेट डाव्या टेबलावर आहेत. जेवण एक वाजता.