मणिबेलीची डायरी

धरणाची पातळी इतक्या मीटरवर गेली, ही बातमी अर्ध्या मिनिटात सांगून होते. ज्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागले, त्याची हकीकत मात्र तेवढ्यात मावत नाही. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील 33 गावे बुडिताखाली आली. सातपुड्यातील मणिबेली हे त्यांतले सुरुवातीचे गाव, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले. 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट 1995 साली आला. नावाप्रमाणे तो डायरीसारखा पुढे सरकतो. कॅमेरा नर्मदेच्या खोऱ्यात पुन्हा पुन्हा जातो, आदिवासींना त्यांच्या शब्दांत बोलू देतो. बातमीपटाचेही खरे बळ असे थांबण्यात आणि परत जाण्यात आहे. पावसाळा येऊन गेल्यावर त्याच माणसाकडे परत गेले, की कागदावरचे पुनर्वसन आणि हातात आलेली जमीन यांतले अंतर दिसते.

हा माहितीपट उघडपणे धरणविरोधी आंदोलनाच्या बाजूचा आहे आणि ती बाजू ऐकू येणे अत्यंत गरजेचे होते. पण दूरचित्रवाणीच्या समतोल बातमीपटाला आणखी चालावे लागते: पाण्याची वाट पाहिलेल्या कच्छ-सौराष्ट्रापर्यंत, धरणाच्या अभियंत्यापर्यंत, तळोद्याच्या वनजमिनीवर वसवलेल्या धरणग्रस्त कुटुंबांपर्यंत. समतोल म्हणजे दोघांना सारखी मिनिटे वाटणे नव्हे. प्रत्येक दावा जागेवर जाऊन, सातबारा उताऱ्याशी ताडून पाहणे म्हणजे समतोल. त्याला महिने लागतात, पैसा लागतो आणि पावरी-भिली बोली समजणारा माणूस सोबत लागतो.