सांभाळणाऱ्यांची गोष्ट
(बेंगळुरू येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची अवजारे' असा विषय फळ्यावर लागल्यावर दोघातिघांनी मला काळजीने विचारले, "बाकीच्यांना कळेल ना हो?" चिंता नसावी. बेंगळुरूच्या मराठी मंडळात निम्मे लोक आमच्याच धंद्यातले, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी आमच्यापैकी कोणीतरी आहेच. मुलगा, सून किंवा जावई रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर बसून काय करतो, एवढे कळले तरी आजचे काम झाले.

सुताराला रंधा, गवंड्याला थापी, तशी आम्हालाही अवजारे लागतात. प्रोग्राम लिहायला एडिटर, लिहिलेले यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर, आणि दहा जणांनी एकाच वेळी केलेले बदल जुळवून ठेवणारी व्यवस्था. फरक एवढाच, की सुताराचा रंधा त्याचा स्वतःचा असतो आणि आमची बरीचशी अवजारे सामाईक असतात. कोणीतरी ती तयार केली, सर्वांना खुली केली, आणि जग ती फुकट वापरते. आपल्या मंडळाची मोठी पातेली आणि सतरंज्या असतात ना, तसेच. महाप्रसादाला पातेली सगळ्यांना हवीत. ती घासून, मोजून पुन्हा माळ्यावर कोण ठेवतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आज मला त्या ठेवणाऱ्यांविषयीच बोलायचे आहे.

पहिले उदाहरण गिटचे. हे नाव इथे अनेकांच्या रोजच्या तोंडात आहे. २००५ साली लिनक्सच्या मंडळींना बदलांची नोंद ठेवण्यासाठी एका कंपनीची जी प्रणाली फुकट मिळत होती, ती सवलत बंद झाली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच वर्षी जुलैमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवले, आणि पुढची वीस वर्षे आलेला प्रत्येक बदल तपासणे, योग्य तो घेणे, नको त्याला नम्रपणे नाही म्हणणे, हे काम हमानो यांनी पाहिले. काही दिवसांत जन्मलेले अवजार जगभर टिकले, ते या वीस वर्षांच्या जोरावर.

दुसरे उदाहरण विम या एडिटरचे. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ मध्ये लोकांसमोर आणला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. विमची किंमत काहीच नाही. पण तो उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याची विनंती दिसते. मोलेनार यांनी तिथे स्वतः स्वयंसेवक म्हणून काम केले होते. अवजार घ्या, आणि जमले तर त्या मुलांसाठी काही द्या, असा तो साधा व्यवहार होता. त्यांच्या पश्चात विम बंद पडला नाही, कारण हाताखाली तयार झालेली माणसे होती आणि त्यांनी काम उचलले.

आता तिसरे उदाहरण. हे जरा लक्ष देऊन ऐका.

एक्सझेड नावाची एक प्रणाली आहे. फाइल दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. जगातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरवर ती असते. अनेक वर्षे ती मुख्यतः एकच गृहस्थ सांभाळत होते, आणि तेही बिनपगारी, हौसेने. २०२२ मध्ये त्यांच्यामागे तगादा सुरू झाला, की कामे रखडली आहेत, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही, हे बिनमोबदल्याचे काम आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण त्यांच्या शेजारी येऊन बसला तो 'जिया टान' या नावाचा एक मदतनीस. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम केले, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रणालीत चोरदरवाजा बसवला.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला वेगळेच काही तपासताना दिसले, की यंत्रावर दूरवरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी चहा घ्यायला उठून गेला असता. त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळा प्रकार उघड केला. तोवर ती आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या वितरणांपर्यंतच पोहोचली होती, म्हणून जग वाचले.

या प्रकरणावर तांत्रिक चर्चा पुष्कळ झाली. मला त्यातली माणसाची बाजू जास्त टोचते. चोराने हेरला तो एकटा पडलेला माणूस. हजारो कंपन्या त्याचे काम वापरत होत्या. त्यांपैकी चार जणांनी जरी "आज थोडे काम आमच्याकडे द्या" म्हटले असते, तर त्या मदतनिसाला आत यायला जागाच उरली नसती.

आता तुमच्या मनातला प्रश्न. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आले, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले, आणि आज यंत्र स्वतःच प्रोग्राम लिहून देते. मग आमच्या मुलांचे काय, असे पालक विचारतात. भविष्य सांगण्याचा माझा व्यवसाय नाही. पण एक घडलेली गोष्ट सांगतो. कर्ल नावाचे एक सर्वत्र वापरले जाणारे अवजार स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग सांभाळतात. २०२४ पासून ते सांगत आले आहेत, की यंत्राकडून लिहून घेतलेल्या, दिसायला टापटीप पण खोट्या तक्रारी वाचण्यात आमचा वेळ वाया जातो. आणि २०२५ मध्ये अशाच यंत्रांच्या मदतीने काही जाणकारांनी कर्लमधल्या खऱ्या चुका शोधून दिल्या, तेव्हा त्याच स्टेनबर्ग यांनी त्यांचे कौतुक केले. यंत्रे त्याच जातीची. एकीकडे पाठवणाऱ्याने न वाचताच पुढे ढकलले, दुसरीकडे समजून घेऊन मग पाठवले.

हा नियम आपल्या बाप्पाला फार पूर्वी घातला गेला आहे. महाभारत लिहिताना गणपतीची अट होती, की माझी लेखणी थांबता कामा नये. त्यावर व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. पहिली अट आमची नवी यंत्रे उत्तम पाळतात. दुसरी अट यापुढे आपल्या मुलांना पाळायची आहे. म्हणून कार्यालयात जे ज्येष्ठ आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की नव्या मुलाने आणलेला प्रोग्राम नुसता चालतो का हे पाहू नका. "ही ओळ इथे का?" असे त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. त्यात अर्धा तास जाईल. सांभाळणारा माणूस तयार होतो तो त्या अर्ध्या तासांतून.

आणि तरुण मित्रांनो, तुम्ही रोज वापरता असे एखादे खुले अवजार निवडा. कोणाची तक्रार आली असेल तर ती आपल्या यंत्रावर घडते का ते पाहून कळवा. मदतीची पाने सुधारा. लिब्रेऑफिससारख्या प्रणालींच्या मराठी रूपात चुकीचा शब्द दिसला तर दुरुस्ती पाठवा. आपल्या 'ॲ' या अक्षरालासुद्धा युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, आणि तीही कोणीतरी लेखी मागणी करून पाठपुरावा केला म्हणून.

शेवटी आपल्या मंडळाकडे येतो. गावापासून इतक्या लांब उत्सव उभा राहतो, त्यामागे वर्गणीची वही, मांडवाचा परवाना, विसर्जनाची गाडी, आणि हे सगळे वर्षानुवर्षे पाहणारी तीच पाच-सहा माणसे असतात. त्यांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आहेत. आज आरती झाल्यावर त्यांच्यापैकी एकाला गाठा आणि एवढेच विचारा, "काका, पुढच्या वर्षी यातले कुठले काम मी घेऊ?"

गणपती बाप्पा मोरया!