ऑफिसमधली शेतीशाळा

तुम्ही हे ऐकताय आणि दुसऱ्या टॅबमध्ये कंपनीचा कम्पल्सरी कोर्स म्यूटवर चालू आहे, असं असेल तर चालू द्या. आपण कोणाला सांगणार नाही.

मी भिवापूरचा. नागपूर जिल्ह्यातलं हे गाव मिरचीसाठी ओळखलं जातं, आमच्या मिरचीला जीआय मानांकन आहे. पण आज बोलायचंय कपाशीबद्दल. म्हणजे खरं तर ऑफिसातल्या ट्रेनिंगबद्दल.

शेतीशाळा हा शब्द गावाकडच्यांनी ऐकला असेल. 1989 मध्ये इंडोनेशियात, भातावरच्या तुडतुड्यांसाठी ही पद्धत सुरू झाली. अंदाधुंद फवारणीने मित्रकीटक मरत होते आणि तुडतुडे उलट वाढत होते. आपल्याकडे कृषी विभागही शेतीशाळा घेतो. वर्ग भरतो थेट बांधावर, आणि एक दिवस नाही, पेरणीपासून काढणीपर्यंत.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. शेतकरी शेतात फिरून 20 हिरवी बोंडं तोडतात आणि तिथंच फोडून बघतात. दोन बोंडांत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के. नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणीचा विचार करायचा. एकातच निघाली तर थांबायचं, पुन्हा येऊन बघायचं. इथे शिकणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यात त्याचेच पैसे असतात. आपल्या कोर्सच्या शेवटी काय असतं? पाच प्रश्न, आणि चुकलं की ‘ट्राय अगेन’.

आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर आहे. सपोर्टमधून डेव्हलपमेंटमध्ये यायचं म्हणून धडपडते. कोर्स सगळे पूर्ण, 100 टक्के. पण रात्री अडीचला सर्व्हर पडला की रोलबॅकची कमांड द्यायला हात धजत नाही. कसा धजेल? तिने ती कधी चालवलेलीच नाही, व्हिडिओत बघितली आहे.

मग आम्ही तिघांनी दर गुरुवारी एक तास ठरवला. मागच्या आठवड्यातलं एक खरं तिकीट घ्यायचं, त्याचे खरे लॉग उघडायचे आणि तोच बिघाड टेस्ट सर्व्हरवर पुन्हा घडवायचा. कीबोर्ड सगळ्यात नवीन माणसाकडे. सीनिअरने हात लावायचा नाही! हे फार जड जातं हो, आम्हा बीटेकवाल्यांना तर जास्तच. समोरचा चुकीच्या फाइलमध्ये दहा मिनिटं शोधतोय आणि आपण गप्प बसायचं. पण त्या दहा मिनिटांतच तो शिकतो. अर्थात बांधावर नुसता बॅनर लावून फोटो काढला तर शेतीशाळाही आपल्या ट्रेनिंगसारखीच होईल, आणि आमचा गुरुवारही.

तीन महिने झाले. आता ती रात्रीचा कॉल एकटी सांभाळते.

अडचण वेगळीच आहे. अप्रेझलला ट्रेनिंगचे तास मोजतात, आणि गुरुवारचे तास शून्य. त्यामुळे दोघांनी यायचं बंद केलं, परत व्हिडिओ लावले. त्यांना तरी काय बोलणार, पगारवाढ कोणाला नको? माझं म्हणणं इतकंच की तास मोजू नका. माणसाने एकट्याने कोणता बिघाड निस्तरला, ते मोजा.

परवा तिने फॉर्म भरला. ट्रेनिंगच्या रकान्यात बारा तिकिटांचे नंबर टाकले. सबमिट होईना, सिस्टिमला सर्टिफिकेटची पीडीएफच हवी. शेवटी तिने त्या यादीचीच पीडीएफ करून चढवली.

अप्रूव्हल अजून पेंडिंग आहे.